वाचक विचारतात : भाषाविज्ञान शिकल्यावर नोकरी कुठे?

‘भाषाविज्ञानात एम. ए. केलं, आता पुढे काय?’ या आशयाची बरीच पत्रं गेल्या दोन महिन्यांत आली. त्यांतली निवडक सहा इथे घेतली आहेत. सरसकट सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर या विषयात देता येत नाही. गुणपत्रिकेवर विषयाचं नाव काय छापलं आहे, तिथपासून फरक पडायला लागतो.

प्रश्न : मी भाषाविज्ञानात एम. ए. (६१ टक्के) केलं आहे. सहायक प्राध्यापक व्हायचं आहे. नेट द्यावी, सेट द्यावी की आधी पीएच. डी. करावी? — पुणे

आधी नेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. सेट ही तशीच, पण राज्यपातळीवरची. नेटमध्ये भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे (विषय क्रमांक ३१). सेटचा अर्ज भरण्याआधी त्या वर्षीच्या जाहिरातीतली विषयांची यादी उघडून आपला विषय त्यात आहे का, हे पाहा. शिवाय सेट महाराष्ट्र-गोव्यापुरती असते आणि भाषाविज्ञानाचे विभाग देशभर पांगलेले आहेत : दिल्ली, हैदराबाद, कोलकाता, वाराणसी, म्हैसूर. आपल्याकडे डेक्कन कॉलेज आणि मुंबई विद्यापीठ. एवढ्या थोड्या विभागांत राज्याच्या हद्दीत अडकून राहणं परवडत नाही.

परीक्षा तीन तासांची. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. खुल्या प्रवर्गाला दोन्ही पेपर मिळून ४० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ३५ टक्के लागतात, पण ही फक्त पात्रतेची रेघ. निकाल परीक्षेला बसलेल्यांपैकी वरच्या सहा टक्क्यांत लागतो. भाषाविज्ञानाची मुलं हमखास मार खातात ती पहिल्या पेपरात. ‘ते सामान्यज्ञान काय, होऊन जाईल’ म्हणून तो शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. तीनशेतले शंभर गुण त्यात आहेत, आणि आकडेवारीचे तक्ते, तर्कशास्त्र आणि संशोधनपद्धती यांचा सराव असेल तर ते दुसऱ्या पेपरापेक्षा सोपे पडतात.

दुसऱ्या पेपराची अडचण वेगळी आहे. मराठी माध्यमातली पुस्तकं बहुतेक वर्णनात्मक भाषाविज्ञानापाशी थांबतात : स्वनिम, रूपिम, वितरण, परिसर. परीक्षेत त्यापुढे जाऊन चॉम्स्कीनंतरचा वाक्यविचार, भाषांची प्रकारवैज्ञानिक तुलना, भाषिक क्षेत्र, मनोभाषाविज्ञान असं बरंच विचारतात, आणि प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते. एक वही करा, तीन रकान्यांची : मराठी, इंग्रजी आणि हिंदी संज्ञा. ‘सामान्यरूप’ आपल्याला पाठ असतं. त्यालाच इंग्रजीत ऑब्लिक म्हणतात हे ऐन परीक्षेत आठवत नाही आणि येत असलेला प्रश्न जातो.

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ पाठ्यवृत्ती) आणि सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएच. डी. प्रवेश, फक्त पीएच. डी. प्रवेश. तिसऱ्या गटात नाव आलं म्हणजे ‘नेट झाली’ असं समजू नका. प्राध्यापकपदाला तो गट चालत नाही. प्रवेशासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्यांच्या नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. निकाल लागला की त्याच वर्षी मार्गदर्शक शोधावा लागतो. सहायक प्राध्यापकाकडे एका वेळी चार, सहयोगीकडे सहा आणि प्राध्यापकाकडे आठच विद्यार्थी असू शकतात. म्हणून ‘मला तुमच्याकडे करायचं आहे’ असा मेल पाठवण्याआधी जागा आहे का, हे विभागात फोन करून विचारा.

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. वयाची अट ३०, त्यात महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत.

आता पीएच. डी.बद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांतल्या जुलै २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएच. डी. अनिवार्य नाही. हे कागदावर. प्रत्यक्ष छाननीत काय होतं ते पाहा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतल्या विद्यापीठांसाठीच्या तक्त्यात पीएच. डी.ला ३० गुण आहेत, जेआरएफसह नेटला ७, नुसत्या नेटला ५ आणि सेटला ३. एका जागेवर शंभर अर्ज आले, तर नुसती नेट घेऊन मुलाखतीच्या यादीत शिरणं अवघड. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत शासनाने ठरवलेली गुणदानाची पद्धत लागू असते, तेव्हा प्रत्येक जाहिरातीसोबतचा तक्ता काढून स्वतःचे गुण मांडून पाहा. तुमचे एम. ए.चे ६१ टक्के २०१८ च्या तक्त्यात ६० ते ८० च्या गटात बसतात. ते वाढवायला पुन्हा परीक्षा देण्यात अर्थ नाही.

सीएचबीचं, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या कामाचं, आम्हाला नेहमी विचारलं जातं. वर्गावर उभं राहायची सवय होते, ओळखी होतात, तेवढं खरं. पण अनुभव म्हणून मोजताना, मिळालेलं एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनाइतकं होतं का, हा निकष लावतात. सीएचबीचं मानधन त्याच्या जवळपासही जात नाही. पाच-सहा वर्षं सीएचबीवर काढून ‘अनुभव आहे’ म्हणणाऱ्यांचा पदरी भोपळा येतो तो इथे. दोन वर्षं ठीक, त्यापुढे पीएच. डी.ला वेळ द्या.

शोधनिबंधांसाठी मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर ही यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. ‘पैसे भरा, पंधरा दिवसांत छापतो’ म्हणणाऱ्यांचं आता अधिकच फावलं आहे. छापून आलेला निबंध मुलाखतीत समोर ठेवला जातो आणि त्यातलं तिसरं वाक्य वाचून प्रश्न येतो, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : माझी एम. ए. मराठीची आहे, पण चार पेपर भाषाविज्ञानाचे होते. भाषाविज्ञानाच्या जागांना अर्ज करू का? — नांदेड

जाहिरातीतली एक ओळ शोधा : ‘भाषाविज्ञान किंवा संबंधित विषय’. ‘संबंधित विषय’ हे शब्द असतील तर अर्ज करा आणि सोबत चारही पेपरांची नावं दिसतील अशा गुणपत्रिका जोडा. ‘भाषाविज्ञान’ एवढंच असेल, तर शुल्क वाया जाईल. छाननी समिती पदवीचं नाव पाहते, अभ्यासक्रम उघडून बसत नाही.

नेटसाठी तुमचा विषय मराठी. त्यातही भाषाविज्ञान आणि व्याकरण असतंच. मराठी विभागांत भाषाविज्ञानाचा पेपर शिकवायला हौसेने पुढे येणारे कमी असतात, हा तुमचा फायदा. मुलाखतीत ‘कोणते पेपर शिकवाल?’ या प्रश्नाला ‘कोणतेही’ असं गुळमुळीत उत्तर देऊ नका. भाषाविज्ञान, बोली अभ्यास आणि व्याकरण, असं स्पष्ट सांगा.

प्रश्न : शिकवायचं नाही, संशोधनात काम करायचं आहे. संस्थांतल्या प्रकल्पांत माणसं कशी घेतात? मुलाखतीत काय विचारतात? — अमरावती

म्हैसूरची भारतीय भाषा संस्था (स्थापना १९६९) हे पहिलं ठिकाण. तिथे भारतीय भाषांचा सामग्रीसंचय, राष्ट्रीय अनुवाद अभियान, संकटग्रस्त भाषांचं जतन अशा योजना चालतात. शेवटच्या योजनेत दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषा घेतात. तुमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातली निहाली ही तसलीच, कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणारी भाषा. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम चालू आहे आणि राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षणही तिथेच झालं. भाषांतर-तंत्रज्ञानासाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये ‘भाषिणी’ सुरू केल्यापासून हैदराबादची ट्रिपल आयटी आणि आयआयटी मद्रास इथल्या गटांनाही मराठी जाणणारे भाषाविज्ञ लागतात.

बहुतेक नेमणुका कंत्राटी : सहा महिने किंवा अकरा महिने, पुढे मुदतवाढ. निधीचा हप्ता लांबला की पगारही लांबतो, म्हणून दोन-तीन महिन्यांची शिल्लक ठेवूनच अशी नोकरी धरावी. जाहिरात अनेकदा संस्थेच्या संकेतस्थळावर दहा-बारा दिवसच असते आणि थेट मुलाखतीला बोलावतात. दर सोमवारी पाच-सहा संकेतस्थळं उघडून पाहायची सवय लावा.

आणखी एक जागा फारशी कुणाच्या ध्यानात नसते : जनगणनेचा कोलकात्यातला भाषा विभाग. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची नावं १९,५६९ निघाली. कुणी गावाचं नाव सांगितलं, कुणी जातीचं, कुणी एकाच बोलीची दोन नावं. ती तपासून १,३६९ मातृभाषांपर्यंत आणली गेली. हे काम भाषाविज्ञांचं. येती जनगणना २०२७ ची आहे, त्यामुळे पुढची काही वर्षं त्या विभागाच्या जाहिरातींवर नजर असू द्या.

मुलाखतीत पुस्तकी व्याख्या कमी विचारतात. समोर वाक्य टाकतात आणि फोड करायला सांगतात. नमुना म्हणून ही तीन घ्या :

शेजाऱ्याने भाकरी खाल्ली.
मी भाकरी खाल्ली.
तू भाकरी खाल्लीस.

पहिल्यात ‘शेजारी’चं सामान्यरूप ‘शेजाऱ्या’, त्याला ‘ने’. क्रियापद कर्त्याशी नाही, ‘भाकरी’शी जुळलं, ‘पेरू’ घातलात तर ‘खाल्ला’ होईल. इथवर सगळे सांगतात. दुसऱ्यात ‘मी’ला ‘ने’ नाही, तरी क्रियापद कर्माशीच जुळतं. म्हणजे कर्त्यावर खूण दिसत नसली तरी रचना तीच आहे, हे सांगता आलं पाहिजे. गंमत तिसऱ्यात. ‘खाल्लीस’मधला ‘ई’ भाकरीचा आणि ‘स’ तूचा : एकाच क्रियापदावर कर्माचीही खूण आणि कर्त्याचीही. फोड अशी : खाल्-ल्-ई-स. यानंतर ‘तुमच्या भागात कसं म्हणतात?’ हा प्रश्न येतोच. तिथे ‘आमच्याकडे अशुद्ध बोलतात’ असं म्हणालात तर मुलाखत संपली म्हणून समजा. ‘म्या भाकरी खाल्ली’ असं ऐकलं असेल, तर प्रथमपुरुषातही वेगळं रूप टिकून आहे, असं सांगा. हवं असतं ते हेच.

सोबत न्यायला स्वतः केलेलं थोडं काम हवं. दहा मिनिटांचं एक ध्वनिमुद्रण, त्याचं आयपीएमध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्वनलिपीत, स्वनलेखन, ओळीखाली फोड आणि भाषांतर. ईलॅन (मुद्रणाला लेखन जोडण्यासाठी) आणि प्रात (आवाजाच्या विश्लेषणासाठी) ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. मुद्रण वेव्ह स्वरूपात, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला करा. फोनच्या नेहमीच्या अॅपमध्ये आवाज दाबून साठवला जातो आणि व्हॉट्सअॅपवरून पाठवला की आणखी दाबला जातो. मग ‘स’ आणि ‘श’ प्रातमध्ये नीट वेगळे काढता येत नाहीत. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि थोडा बाजूला. मिनिटभराच्या मुद्रणाचं पूर्ण काम करायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, तेव्हा तासभराचं मुद्रण गोळा करून ठेवू नका. बोलणाऱ्याची संमती त्याच मुद्रणाच्या सुरुवातीला, त्याच्याच आवाजात घ्या. ती नसेल तर कितीही चांगली सामग्री कोणताही अभिलेखागार घेणार नाही.

तंत्रज्ञानाच्या प्रकल्पात जायचं असेल तर पायथॉनची तोंडओळख पुरते. तुम्हाला इंजिनीअर म्हणून घेत नाहीत. त्यांना हवा असतो ‘घरासमोरच्या’ या एका शब्दात घर, सामान्यरूपाचा आ, समोर आणि च्या असे चार तुकडे पाडणारा आणि हजारावा शब्दही पहिल्यासारखाच पाडणारा माणूस. दोघांनी एकाच मजकुरावर खुणा करायच्या आणि कुठे जुळत नाही ते पाहायचं, अशी चाचणी असते. नापास होतात ते बहुधा व्याकरण कच्चं म्हणून नव्हे, तर दिलेली मार्गदर्शिका न वाचता स्वतःच्या मताने खुणा केल्या म्हणून.

प्रश्न : भाषाविज्ञानाच्या एम. ए.वर स्पीच थेरपिस्ट होता येतं का? एका खासगी क्लासवाल्याने सहा महिन्यांचा कोर्स सांगितला आहे. — कोल्हापूर

नाही. वाणी-उपचार करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि ती बीएएसएलपी या श्रवण व वाणी-उपचाराच्या चार वर्षांच्या पदवीवर मिळते. प्रवेशाला बारावी विज्ञान हवं. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर उपचार करणं कायद्याच्या बाहेर आहे. पैसे भरू नका.

त्या अभ्यासक्रमात भाषाविज्ञान हा विषय मात्र असतो. मुंबईतील अली यावर जंग संस्था, म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि बीएएसएलपी चालवणारी महाविद्यालयं यांना तो शिकवायला माणूस लागतो, बहुधा अतिथी अध्यापक म्हणून. बायोडाटा पाठवताना स्वनविज्ञान आणि बालभाषा-संपादन वर लिहा, ऐतिहासिक भाषाविज्ञान खाली. सांकेतिक भाषेकडे ओढा असेल तर दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दुभाष्याचा पदविका अभ्यासक्रम पाहा. सांकेतिक भाषा येणारा भाषाविज्ञ देशात विरळाच.

प्रश्न : बी. एड. केलं तर शाळेत लागता येईल का? मेळघाटात काम करायची इच्छा आहे. — अकोला

‘भाषाविज्ञान शिक्षक’ असं पद शाळेत नाही, कनिष्ठ महाविद्यालयातही नाही. बी. एड.ला अध्यापन पद्धती मिळते ती बी. ए.च्या विषयावरून. बी. ए. मराठी किंवा इंग्रजी असेल तर मार्ग मोकळा, एम. ए.ची पदवी इथे जवळजवळ शोभेपुरती. पुढे पहिली ते आठवीसाठी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग अभियोग्यता चाचणी आणि शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. या सगळ्यात तीन-चार वर्षं जातात, हे गृहीत धरूनच पाऊल टाका.

मेळघाटात जायचं असेल तर शिक्षकाच्या जागेपेक्षा पाठ्यसामग्री आणि शिक्षक-प्रशिक्षण यांचं काम तुमच्या शिक्षणाला जवळचं आहे. कोरकू ही मुंडा गटातली भाषा. तिच्यात मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. भेद सजीव-निर्जीव असा आहे. त्यामुळे कोरकू मूल ‘तो पुस्तक’ म्हणतं तेव्हा ते निष्काळजी नसतं, आपल्या भाषेच्या घडणीतून बोलत असतं. शिक्षक लाल रेघ मारतात, मूल गप्प बसतं. पहिलीच्या पुस्तकात लिंगभेद दाखवणारी वाक्यं कधी आणावीत, आधी कोणती आणावीत, हे ठरवायला भाषाविज्ञ लागतो. गोंडी द्राविडी, वारली, कातकरी मराठीच्या जवळच्या. तेव्हा एका भागात चाललेली सामग्री दुसरीकडे जशीच्या तशी चालत नाही.

असं काम पालघर जिल्ह्यातील सोनाळे इथल्या क्वेस्टसारख्या संस्था, लँग्वेज अँड लर्निंग फाउंडेशन, आणि शासनाकडून पुण्याची एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) करते. एससीईआरटीत बरेचदा काम करणाऱ्या शिक्षकांनाच बोलावतात. संस्थांमध्ये बाहेरच्यांना वाव जास्त. अर्जासोबत प्रबंध पाठवू नका, कुणी वाचत नाही. पहिलीच्या एका पाठाची दोन पानांची चिकित्सा पाठवा : मुलाच्या घरच्या भाषेत हा पाठ कुठे अडेल आणि त्याऐवजी काय ठेवता येईल.

प्रश्न : परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवणं किंवा परदेशात पीएच. डी. करणं, यांतलं काय जमण्यासारखं आहे? — डोंबिवली

दोन्ही, पण वेगवेगळ्या वेळी.

शिकवण्यासाठी लांब जायला नको. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते. भारतीय भाषा संस्थेचं पुण्यातलं पश्चिम विभागीय केंद्र परप्रांतीय शिक्षकांना दहा महिन्यांच्या वर्गात मराठी शिकवतं. जागा मोजक्या. परदेशांतल्या मराठी शाळा बहुतेक स्वयंसेवकांवर चालतात. तिथे पोट भरत नाही, पण ऑनलाइन शिकवण्याचा सराव होतो.

चाचणी म्हणून पंधरा-वीस मिनिटांचा पाठ घ्यायला सांगतात. बहुतेक उमेदवार वर्णमाला काढतात आणि तिथेच फसतात. ‘चार’ आणि ‘चारा’ फळ्यावर लिहा. अक्षर एक, उच्चार दोन. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचा, तेही तसंच. हिंदी शिकून आलेला विद्यार्थी सगळीकडे हिंदीचाच ‘च’ उच्चारतो. दंततालव्य आणि तालव्य हे शब्द न वापरता, जीभ दातांमागे लावून आधी ‘त्स’ म्हणवून घेतलंत, तर परीक्षकांना कळतं की या माणसाला विषयही कळतो आणि शिकवणंही.

पीएच. डी.चं म्हणाल तर अमेरिकेत अर्ज डिसेंबर-जानेवारीत जातात. तयारी आधीच्या जूनपासून हवी, कारण तीन शिफारसपत्रं आणि पंधरा-वीस पानांचा लेखननमुना ऐनवेळी उभा राहत नाही. नमुन्यात मराठीचा एकच लहान प्रश्न घ्या आणि तो तडीस न्या. ‘मराठी भाषा : उगम आणि विकास’ असं काही पाठवू नका. प्रवेशासोबत साधारण पाच वर्षांचा खर्च विद्यापीठ उचलतं आणि बदल्यात वर्गावर साहाय्य करावं लागतं. खर्चाची हमी नसलेला प्रवेश आमच्या मते घेऊ नये. जर्मनी, नेदरलँड्समध्ये पीएच. डी. ही बऱ्याचदा पगारी नोकरीच असते. जाहिरात येते, ठरलेल्या प्रकल्पासाठी अर्ज करायचा. तिथे ‘मला बोलींची आवड आहे’ यापेक्षा ‘या प्रकल्पातली ही सामग्री मी हाताळू शकतो’ हे वाक्य कामाचं.

परत येऊन भारतात शिकवायचं असेल तर एक सोय आहे. जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असलेल्या विद्यापीठाची पीएच. डी. असेल, तर सहायक प्राध्यापकपदासाठी नेट लागत नाही. क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय, यांपैकी कोणतीही एक क्रमवारी चालते. त्या क्रमवारीच्या पानाची छापील प्रत आत्ताच काढून ठेवा. पाच-सात वर्षांनी शोधत बसावं लागतं.